हुकलेला बाण आणि सैल झालेली मूठ

रायपूरच्या पूर्वेला, बारनवापारा अभयारण्याच्या परिसरात तुरतुरिया नावाचे स्थान आहे. खडकांतून येणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून हे नाव पडले असे सांगतात. वाल्मीकींचा आश्रम येथेच होता, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. ती तपासून पाहणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु ज्या रानात अजूनही चितळांचे कळप दिसतात, त्या रानात आदिकवीची आठवण निघाली की मनात एक शंका डोकावते. पहिला श्लोक जन्मला तो व्याधाचा बाण क्रौंच पक्ष्याला लागला म्हणून. तो बाण हुकला असता तर पक्षी उडून गेला असता, व्याध रिकाम्या हातांनी घरी परतला असता आणि ऋषीही स्नान आटोपून आश्रमात गेले असते. लागलेल्या बाणाने आपल्याला काव्य दिले. हुकलेल्या बाणाने काय दिले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारलेला नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारायचा आहे. नेम चुकल्यानंतर धनुर्धराच्या मनाचे काय होते, त्याच्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला म्हणजे तो परत कसा येतो, आणि आला नाही तर त्याने काय करावे, या अनुभवाकडे आपल्या वाङ्मयाने कसे पाहिले आहे? मराठी शिकारकथा येथे फारशी उपयोगी पडत नाही. ती मुख्यतः बंदुकीची कथा आहे. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते, आणि पुढे शिकार मागे टाकून रान नुसते पाहण्यात रमले. रानाविषयीचे त्यांचे लेखन या स्थित्यंतरामुळेच वेगळे झाले. पण त्यांच्याही हातात होती ती बंदूक. बंदुकीच्या चुकीत दारूचा, काडतुसाचा, नळीचा वाटा असू शकतो. धनुष्याच्या बाबतीत ही पळवाट अरुंद आहे. खांदा, श्वास, बोटे आणि मूठ हेच तेथे यंत्र असते. म्हणून चुकलेली गोळी शिकारी विसरू शकतो. चुकलेला बाण त्याच्या शरीरातच राहतो.

भाषेने मात्र धनुष्य विसरलेले नाही. 'पारध' आणि 'पारधी' हे शब्द आपल्याकडे आहेत, तसा बस्तरमध्ये सामूहिक शिकारीसाठी 'पारद' हा शब्द आहे. तेथील हलबी बोलीचा समावेश ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात केला होता. त्या वर्गीकरणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही छत्तीसगढच्या रानाकडे मराठी वाचकाने परक्याच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही.

रामाचा बाण हुकत नाही, ही आपली समजूत. वाल्मीकींनी मात्र तो एकदा हुकल्याचे नोंदवले आहे, आणि हरणाच्याच बाबतीत. अरण्यकांडात रावण मारीचाकडे येतो तेव्हा मारीच त्याला आपली हकिकत सांगतो. विश्वामित्राच्या यज्ञाच्या वेळी तो रामाच्या बाणाने समुद्रात फेकला गेला होता. पुढे दंडकारण्यात दोन साथीदारांसह मृगरूपाने तो रामावर चालून गेला. रामाने तीन बाण सोडले. दोघे पडले. मारीच निसटला, कारण या बाणाचा अनुभव त्याला पूर्वीच आलेला होता. कवीने दिलेले हे कारण शिकारीच्या शास्त्राला धरून आहे. साध्या लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे पन्नास मीटर जातो. आवाज जातो सुमारे ३४० मीटर. म्हणजे वीस मीटरांवर उभ्या असलेल्या हरणाला प्रत्यंचेचा टणत्कार आधी ऐकू येतो आणि बाण नंतर पोहोचतो. मधल्या एक तृतीयांश सेकंदात ते अंग आखडून घेते आणि उसळी मारते. बिनचूक नेम धरलेला बाणही मग रिकाम्या जागेतून निघून जातो. ज्या जनावराने तो आवाज पूर्वी ऐकला आहे, ते अधिकच लवकर हलते. त्यामुळे प्रत्येक हुकलेल्या बाणात हाताचा दोष असतोच असे नाही, आणि शिकाऱ्याला नेमके हेच पटत नाही.

वाल्मीकींनी या चुकीचा परिणाम रामावर दाखवलेला नाही. परिणाम झाला तो मारीचावर. त्याला झाडाझाडात राम दिसू लागला; ज्या शब्दाच्या आरंभी 'र' येतो तो शब्दही त्याला भिववू लागला. हुकलेल्या बाणाने ज्याचा आत्मविश्वास गेला तो धनुर्धर नसून मृग आहे! रामायणातील मनोविश्लेषणाची ही एक अत्यंत सूक्ष्म जागा आहे. सुवर्णमृगाच्या प्रसंगात तोच बाण अखेर लागतो आणि त्या लागण्यानेच सीता हरवते, हे ध्यानात घेतले तर वाल्मीकींच्या लेखी लागणे आणि हुकणे यांचा हिशेब आपल्याइतका सरळ नव्हता, हे मान्य करावे लागते.

धनुर्धराच्या बाजूने हाच अनुभव पाहायचा तर कालिदासाकडे वळावे लागते. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती चल लक्ष्यावर बाण सिद्ध होण्यात धनुर्धराचा उत्कर्ष पाहतो. ही दरबारी व्याख्या झाली. 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात कालिदास तिच्या आत शिरतो. दशरथ मृगयेला निघाला आहे. एका हरणावर त्याने नेम धरला, तोच त्याची सहचरी आपला देह मध्ये घालून उभी राहिली. राजाने कानापर्यंत ओढलेला बाण उतरवून घेतला. पुढे दुसऱ्या हरणांवर बाण सोडायला तो जातो, तर भ्यालेल्या डोळ्यांची चंचलता पाहून त्याला प्रियेच्या नजरा आठवतात आणि घट्ट आवळलेली मूठ कानाशी येऊन आपोआप सैल होते. टीकाकारांनी येथे दया आणि शृंगार यांचे मिश्रण पाहिले. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पहिल्या खेपेस राजा बाण परत घेतो, म्हणजे निर्णय त्याचा आहे. दुसऱ्या खेपेस मूठच सुटते, म्हणजे निर्णय हाताने घेतला. आजचे तिरंदाज ज्याला लक्ष्यापुढची धास्ती म्हणतात, ज्यात नेमाच्या ऐन क्षणी बोटे ऐकेनाशी होतात, त्या अवस्थेपासून हे फार दूर नाही. कालिदासाने तिला काव्याचे वस्त्र चढवले एवढेच.

आणि सर्गाचा शेवट? डोळ्यांसमोरच्या हरणावर ज्याचा हात चालला नाही, तोच राजा तमसेच्या काठी घडा भरल्याचा आवाज हत्तीचा समजून न पाहता बाण सोडतो. युद्धाबाहेर राजाने हत्ती मारू नये, हा नियमही तो मोडतो. तो बाण हुकत नाही. तपस्व्याच्या मुलाला लागतो. दिसणाऱ्या लक्ष्यावर डळमळलेला हात न दिसणाऱ्या लक्ष्यावर उतावळा होतो, असा काही कार्यकारणभाव कवीला अभिप्रेत होता की नाही, हे निश्चित सांगता येणार नाही. तथापि हे दोन प्रसंग एकाच सर्गात आणि याच क्रमाने आले आहेत, ही वस्तुस्थिती आहे. मला तरी ती योगायोगाची वाटत नाही.

लोकपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने दिले आहे. रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाची स्थापना १८७५ची. तेथील आदिवासी जीवनाच्या दालनात हिंडताना बस्तरचा माणूस आणि त्याचे रान यांचे नाते जाणवते. बांबूच्या चिरफळीची प्रत्यंचा लावलेले तेथील धनुष्य दिसायला अगदी साधे. ग्रिगसन यांचा माडिया गोंडांवरील ग्रंथ १९३८चा, एल्विन यांचा मुरियांवरील १९४७चा. शिकार हा तेथे एकट्याचा पराक्रम नसून गावाचे कृत्य असते, हे अशा नोंदींवरून ध्यानात येते. त्यामुळे अपयशही गावाचे. शिकार साधली नाही तर देवाचे काही राहिले असेल, कोणी पथ्य मोडले असेल, असा शोध सुरू होतो. शहरी वाचक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होईल. पण ही रचना एक काम निश्चित करते: दोष वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी धनुष्य उचलणारा हात हलका राहतो. तिची किंमतही असते. मोडलेल्या पथ्याचा आळ शिकारी समाजांत कित्येकदा घरी राहिलेल्या बाईवर येतो. एकाचा आत्मविश्वास दुसऱ्याच्या माथी दोष मारून टिकवलेला असतो, हे विसरून या व्यवस्थेचे कौतुक करणे मला जमत नाही. आज तर प्रश्नच बदलला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा ठरवली, आणि 'पारद' शब्दामागचे कृत्य स्मरणाकडे सरकले.

आता महाभारत. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याला हिंदीत नेले ते माधवराव सप्रे यांनी. मातृभाषा मराठी, कर्तृत्व हिंदीतले, १९२६ मध्ये देहावसान रायपुरात. 'दासबोध'ही त्यांनी हिंदीत आणला. हातातून गांडीव गळून पडणाऱ्या धनुर्धराची कथा ज्या ग्रंथाच्या मुळाशी आहे तो ग्रंथ मराठीतून हिंदीत या शहराशी बांधलेल्या माणसाने न्यावा, याचा रायपूरच्या मराठी वाचकाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अर्जुनाचा हा विषाद बाण सोडण्यापूर्वीचा आहे. ज्ञानदेवांपासून टिळकांपर्यंत आपली सारी प्रतिभा या पहिल्या विषादाभोवती खर्च झाली. अर्जुनाचा दुसरा विषाद मात्र उपेक्षित राहिला.

तो मौसलपर्वात आहे. यादवांचा संहार झाल्यावर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघतो. वाटेत आभीर काठ्या घेऊन तुटून पडतात. अर्जुन गांडीव चढवू पाहतो. ते कष्टाने चढते. अस्त्रे आठवत नाहीत. अक्षय म्हणून ज्यांची ख्याती त्या भात्यांतले बाण संपतात. शेवटी तो धनुष्याच्या टोकाने मारामारी करतो. कुरुक्षेत्रावर त्याला बाण सोडावासा वाटत नव्हता; येथे सोडावासा वाटतो आणि सुटत नाही. येथे सारथी नाही. अठरा अध्याय ऐकवणारा सखा आधीच निघून गेलेला आहे. अर्जुन व्यासांकडे जातो, आणि व्यास त्याला पुन्हा उभा करण्याचा प्रयत्नच करत नाहीत. अस्त्रांचे काम झाले, ती आली तेथे परत गेली, आता तुमचीही जाण्याची वेळ झाली, अशा आशयाचे मोजके बोलून ते थांबतात. धनुर्विद्येचा जर्मन अभ्यासक हेरिगेल याच्या १९४८च्या पुस्तकातला जपानी गुरू वाईट नेमाने खिन्न होऊ नये आणि चांगल्याने हर्षू नये, असे शिकवतो. गीतेच्या वाचकाला हे नवे नाही. व्यासांचे म्हणणे याहून कठोर आहे. कधी कधी हात परत येतच नाही, आणि ते स्वीकारणे हेही शिक्षणच आहे, असे ते सुचवतात. अर्जुनाला तेही सहज जमले नाही. महाप्रस्थानाला निघतानाही रत्नाच्या लोभाने त्याने गांडीव सोडले नव्हते, अशी नोंद व्यास करतात. अग्नी वाट अडवून ते मागतो तेव्हा कोठे ते पाण्यात पडते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारताच्या अखेरीकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले, त्यालाही आता अर्धशतक लोटले. निकामी झालेले धनुष्य खांद्यावर वागवणारा हा अर्जुन आपल्या समीक्षेत अजून हवा तेवढा आलेला नाही.

त्याच पर्वात, अर्जुनाच्या थोडे आधी, आणखी एक धनुर्धर येतो: जरा नावाचा व्याध. तो हरणाच्या शोधात आहे. झाडीत पडलेल्या श्रीकृष्णाला तो हरीण समजतो आणि बाण सोडतो. बाण तळपायात रुततो. शिकार घ्यायला तो धावत जातो आणि समोर पीतांबरधारी पुरुष पाहतो. नेम अचूक, लक्ष्य चुकलेले. याहून मोठी चूक कोणत्याही शिकाऱ्याच्या वाट्याला आलेली नाही. भागवताच्या एकादश स्कंधात भगवान त्याला अभय देतात, हे माझ्याच इच्छेने झाले असे सांगतात, आणि व्याध विमानात बसून स्वर्गाला जातो. एकनाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली, त्यामुळे मराठी मनात हा व्याध मुक्त झालेलाच राहिला. भक्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. साहित्याच्या दृष्टीने पाहता, चुकीनंतर जगण्याचा प्रश्न येथे टळला आहे.

महाभारतात तो टळत नाही. तेथे जरा आपण अपराधी आहोत हे ओळखून पायांवर डोके ठेवतो. श्रीकृष्ण त्याला धीर देतो आणि स्वतः आकाश उजळत वर जातो. विमान येत नाही. कथा लगेच श्रीकृष्णाच्या मागे स्वर्गाकडे वळते. जरा झाडीत, जमिनीवर, हातात धनुष्य घेऊन मागे उरतो, आणि त्यानंतर व्यास त्याच्याकडे पुन्हा वळून पाहत नाहीत.