घोडा देऊन मांडलेला डाव

चौथ्याच खेळीत पांढरा घोडा काळ्या राजाच्या उंटापुढचे प्यादे मारून तिथेच उभा राहतो. वजीर आणि हत्ती, दोन्ही त्याच्या टप्प्यात. म्हणून राजाला स्वतः पुढे येऊन त्याला मारावे लागते. घोड्याच्या बदल्यात पांढऱ्याच्या पदरी दोनच प्यादी पडतात. पण काळ्याचे कॅसलिंग कायमचे गेलेले असते. वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकले, की पटाचा मध्यही पांढऱ्याचा.

हा कॉक्रेन गॅम्बिट, आणि त्याचे गोत्र भारतातले. १८४८ च्या सुमारास कोलकात्यात जॉन कॉक्रेन हा बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध तो खेळला. महेशचंद्र खेड्यातले, देशी रीतीत मुरलेले. त्या रीतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. अशा खेळाडूला विलायती नियमांत सुरुवातीलाच घोडा देऊन गाठायचे, ही हिंमत आजही थक्क करते.

देशी पटावरून विलायती पटावर येणे सोपे नव्हतेच. तरी त्याच रीतीत वाढलेला मीर सुलतान खान तीनदा ब्रिटिश विजेता झाला. १९३५ मध्ये बुद्धिबळपटू व्ही. के. खाडिलकरांना त्याच्याशी दहा डावांत एकच बरोबरी साधता आली. पुण्याच्या अभिजित कुंटेने २००३ मध्ये एडिंबरोत ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, तेव्हा मराठी मनाला केवढा आनंद झाला!

बड्या स्पर्धांत कॉक्रेन गॅम्बिट क्वचितच दिसतो. ग्रँडमास्टर टोपालोवने १९९९ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत क्रामनिकविरुद्ध तो खेळून बरोबरी साधली, एवढे ठळक उदाहरण. त्याला खरा आधार हौशी खेळाडूंचा. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत वर्षानुवर्षे फेब्रुवारीत भरलेली अमेरिकन हौशी सांघिक स्पर्धा अशा खेळाला पोषक: चौघांचा संघ, सरासरी मानांकन २२०० च्या आत. तिथे शाळकरी मुले, नोकरदार आणि निवृत्त माणसे एकमेकांसमोर बसतात.

न्यू जर्सीत मराठी वस्तीही मोठी. मुलाला शह आणि मात मराठीत शिकवणाऱ्या प्रत्येक घराचे मनापासून कौतुक करावे. मुलाने असा घोडा दिला तर लगेच रागावू नये. कारण समोरच्याला घड्याळाकडे बघत, पाठांतराशिवाय, राजाला एकेक घर मागे न्यायचे असते. हौशी पटावर तेच सर्वात अवघड.