‘गिधाड’ : एका उपमानाची फेरतपासणी

१

मराठीत एखाद्या माणसास ‘गिधाड’ म्हटले, तर त्याचा अर्थ कोणासही समजावून सांगावा लागत नाही. बापाचा दिवस होण्यापूर्वीच वाटणीवरून भांडणारे वारस, दुष्काळात धान्य दडवून ठेवणारा व्यापारी, अपघाताच्या जागी जमून लूट करणारे लोक, या सर्वांस हा एकच शब्द पुरतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांपासून घरगुती भांडणापर्यंत त्याचा सर्वत्र संचार आहे. तो इतका रुळलेला आहे की, हे मुळात एक उपमान आहे आणि उपमानासही स्वतःचे असे अस्तित्व असते, याचे भान बोलणाऱ्यास व ऐकणाऱ्यास राहत नाही.

प्रस्तुत लेखात या उपमानाची तपासणी करावयाची आहे. तिचे प्रयोजन केवळ शब्दार्थविचारापुरते मर्यादित नाही. ज्या पक्ष्यावरून हा शब्द आला, तो पक्षी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या देशातून जवळजवळ नाहीसा झाला. शब्द मात्र पूर्वीइतकाच चलनात राहिला. पक्ष्याच्या नाशास माणसाचा उपभोग कारण झाला आणि शब्द तर उपभोगाच्या हावेचाच वाचक आहे. या दोन गोष्टींची सांगड कशी घालावयाची, हा येथील प्रश्न आहे.

२

प्रथम शब्दाचा इतिहास पाहू. संस्कृत ‘गृध्र’ हे नाम ‘गृध्’ म्हणजे हाव धरणे, लोभ करणे, या धातूपासून झाले आहे. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात धनलोभाचा निषेध याच धातूच्या रूपाने केलेला आहे, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच. प्राकृतात या नामाचे ‘गिद्ध’ असे रूप झाले. हिंदीने ते तसेच राखले आणि मराठीत ‘गीध’ व त्याचा विस्तार ‘गिधाड’ अशी रूपे आली. ‘गिधाड’ या रूपातील शेवटचा भाग अपभ्रंशकाळापासून नामांस लागत आलेल्या ‘-ड’ या स्वार्थी प्रत्ययाशी संबद्ध दिसतो.

या व्युत्पत्तीतील एक विशेष सहसा लक्षात घेतला जात नाही. कावळ्याचे नाव त्याच्या ओरडण्यावरून पडले, म्हणजे ते पक्ष्याने स्वतःच सांगितलेले नाव आहे. गिधाडाचे नाव मात्र मनुष्याने त्याच्या स्वभावाविषयी केलेल्या निवाड्यावरून पडले. येथे नामकरण आणि आरोप ही एकच क्रिया होती. आज आपण लोभी माणसास गिधाड म्हणतो तेव्हा पक्ष्याचा गुण माणसास लावतो असे आपणांस वाटते. वस्तुतः माणसाचा जो दोष प्रथम पक्ष्यावर लादला गेला, तोच पक्ष्यामार्फत माणसाकडे परत येतो.

प्राचीन वाङ्मयाने हा निवाडा अखेरचा मानला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. रामायणातील जटायू हा गृध्रच आहे आणि तेथे त्याला तसे म्हणण्यात कोणताही संकोच नाही. वृद्ध असूनही तो रावणाशी झुंजतो आणि प्राण देतो. त्याचा अंत्यविधी स्वतः राम करतो. त्याचा थोरला भाऊ संपाती हा आपल्या दूरदृष्टीने सीतेचा ठावठिकाणा वानरांस सांगतो. आधुनिक मराठी भाषकाच्या मनात मात्र जटायू आणि गिधाड ही दोन अगदी वेगळी पाखरे आहेत. आपण ‘पक्षिराज जटायू’ म्हणतो. ‘जटायू नावाचे गिधाड’ असे म्हणताना जीभ अडखळते. एकाच प्राण्याचे भाषेने दोन भाग केले. त्यागाचा भाग तत्सम नावाकडे गेला आणि हावेचा भाग तद्भव नावाकडे राहिला.

३

आधुनिक मराठी साहित्यात या उपमानाचा सर्वांत समर्थ उपयोग विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ या नाटकात झाला आहे. १९७० साली ते रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील हिंसेने व उघड भाषेने मोठी खळबळ माजली आणि परिनिरीक्षणाशी झालेला त्याचा संघर्षही गाजला. एका कुटुंबातील बाप, दोन मुलगे आणि मुलगी पैशाच्या लोभाने एकमेकांस कसे फाडतात, याचे ते चित्रण आहे. नाटकाच्या नावाचे औचित्य समीक्षेने बहुधा गृहीत धरले आहे. ते गृहीत धरण्याजोगे आहे काय?

नाटकातील व्यवहार पाहिला तर उत्तर नकारार्थी द्यावे लागते. रमाकांत, उमाकांत आणि माणिक बापाच्या मरणाची वाट पाहत नाहीत. जिवंत बापास मारहाण करून ते त्याच्या पैशाचा पत्ता काढून घेतात. भाऊ बहिणीचा पाय मोडतात, तेव्हा ती जिवंत असते. गिधाडाची वृत्ती याच्या नेमकी उलट आहे. त्याचे पाय भक्ष्य पकडण्यास दुबळे असतात. ससाण्याप्रमाणे किंवा गरुडाप्रमाणे नखांनी शिकार साधण्याची त्याची रचनाच नव्हे. ते उंचावर तासन् तास तरंगत राहते आणि जे आधीच मेले आहे, त्यावरच उतरते. थांबणे हा त्याचा धर्म आहे. पितळे कुटुंबातील माणसांस नेमके हेच जमत नाही.

यावरून नाटक सदोष ठरते असे मला म्हणावयाचे नाही. किंबहुना नाटकाचे बळ याच विसंगतीत आहे, असे माझे मत आहे. प्रेक्षक नाट्यगृहात येतो तो गिधाडे पाहण्याच्या अपेक्षेने. त्याला जे दिसते, त्यास पक्षिसृष्टीत उपमान नाही. शीर्षकाने दिलेले उपमान नाटकाच्या ओघात अपुरे पडते आणि ते अपुरे पडणे हाच खरा आघात आहे. परंतु समीक्षेने हे न ओळखता उपमान जुळले असेच मानले, तर नाटकातील क्रौर्य निसर्गाच्या नावावर लिहिले जाते आणि माणूस सुटतो.

४

गावगाड्याच्या व्यवस्थेत या पक्ष्याचे स्थान काय होते, तेही पाहिले पाहिजे. गावात जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम जातिव्यवस्थेने महारांवर लादलेले होते. कातडे कमावण्यास जाई, हाडे पुढे खतास जात आणि उरलेले गिधाडांच्या वाट्यास येई. आकाशात गिधाडे घिरट्या घालताना दिसली की जनावर कोठे पडले ते कळे. ज्या माणसास मेलेल्या जनावराच्या मांसावर दिवस काढावे लागत, त्याच्या दृष्टीने गिधाड हे हावेचे प्रतीक नव्हते, तर भुकेतील भागीदार वा स्पर्धक होते. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे या लादलेल्या भागीदारीचा नकार होता. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढील दलित आत्मकथनांत हे जग मराठी वाचकासमोर आले. गिधाडाकडे दुरून पाहून त्यास लोभी म्हणण्याची चैन सर्वांना परवडणारी नव्हती, एवढे तरी यावरून स्पष्ट व्हावे.

तेव्हा उपभोगाच्या साखळीत गिधाडाचा क्रम शेवटचा होता. दूध, श्रम, शेण, कातडे, हाडे हे सर्व माणसाने घेतल्यावर जे कोणालाच नको, ते गिधाडाचे. त्याच्या बदल्यात ते गावाची सीमा स्वच्छ ठेवी. ज्यास आपण हावरट म्हणतो, तो प्रत्यक्षात उरल्यासुरल्यावर जगणारा होता.

५

ही साखळी कशी तुटली, त्याचा वृत्तांत आता निश्चित झालेला आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी १९९० नंतरच्या दशकात नोंदविले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. आरंभी एखाद्या साथीचा संशय होता. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, पाकिस्तानातील पंजाबात केलेल्या संशोधनाने खरे कारण दाखविले. ते कारण म्हणजे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. हे औषध टोचल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाच्या पोटात गेले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, शरीरातील अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचतात आणि ते थोड्याच दिवसांत मरते.

येथे एक गणित ध्यानात घेण्यासारखे आहे. सर्वच मृत जनावरांत हे औषध असावे लागत नाही. शंभरांत एकाहूनही कमी जनावरे अशी असली, तरी एवढा ऱ्हास घडून येण्यास ती पुरेशी ठरतात, असे संशोधकांनी दाखविले. कारण एका जनावरावर अनेक पक्षी उतरतात, ते दूरदूरून येतात आणि त्यांची वाढ अतिशय मंद असते. मादी वर्षास एकच अंडे घालते आणि पिलू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे जावी लागतात.

जनावरास औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात क्रौर्य नव्हते. दुखणाऱ्या जनावरास आराम मिळावा, बैल पुन्हा कामास लागावा, गाय पुन्हा दुधावर यावी, एवढाच त्याचा हेतू. दूध पिणाऱ्या शहरवासीयाच्या मनात तर गिधाडाचा विचार येण्याचे कारणच नव्हते. हा नाश कोणाच्या द्वेषाने झाला नाही. सर्वांच्या साध्या, मान्य आणि वाजवी दरात मिळणाऱ्या उपभोगाने तो झाला. भारत सरकारने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांस वापरल्या जातात असे दिसल्यावर २०१५ साली कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरवर आणले. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही पशुवैद्यकीय वापरापुरती बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजननकेंद्र चालविले जाते आणि महाराष्ट्रातही रायगड, नाशिक, गडचिरोली या भागांत संवर्धनाचे प्रयत्न झाले आहेत. परंतु गेलेली संख्या परत आलेली नाही.

परिणाम पक्ष्यापुरते राहिले नाहीत. मृत जनावरे उघड्यावर कुजत राहिली, भटक्या कुत्र्यांस खाद्य वाढले. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली. मुंबईच्या मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दख्म्यांतही, गिधाडे येईनाशी झाल्यावर, सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांची योजना करावी लागली.

६

आता पुन्हा भाषेकडे वळू. मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. ‘तो माणूस गिधाड आहे’ या वाक्यात माणूस पक्षी असू शकत नाही म्हणून मुख्यार्थ बाधित होतो आणि हावरटपणाच्या संबंधाने लक्ष्यार्थ निघतो. या विवेचनात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे श्रोत्यास मुख्यार्थ ठाऊक आहे. आज पदव्युत्तर वर्गात बसणारे बहुसंख्य विद्यार्थी या ऱ्हासानंतर जन्मलेले आहेत. जिवंत गिधाड पाहिलेला विद्यार्थी त्यांत क्वचितच सापडेल. त्यांच्यासाठी मुख्यार्थ बाधित होत नाही, कारण तो अनुभवास आलेलाच नाही. लक्ष्यार्थ तेवढा शिल्लक आहे. ज्या माणसास हा लक्ष्यार्थ लावावयाचा, त्यानेच मुख्यार्थाचा नाश केला, असा विलक्षण प्रसंग या शब्दाच्या वाट्यास आला आहे.

यावर आक्षेप येईल की, उपमान म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे. चकोर चांदणे पितो आणि हंस पाण्यातून दूध वेगळे करतो, हे कविसंकेत आपण निमूटपणे स्वीकारतो. मग गिधाडापुरता हा काटेकोरपणा का? आक्षेप योग्य आहे, पण दोहोंत फरक आहे. चकोराच्या वा हंसाच्या संकेताने त्या पक्ष्यावर कोणताही दोष येत नाही. गिधाडाचा संकेत हा आरोप आहे आणि आरोपाची शहानिशा करावी लागते. भाषेमुळे गिधाडे मेली असे मी म्हणत नाही. ती औषधाने मेली. परंतु चिमण्या दिसेनाशा झाल्या तेव्हा मराठी माणूस हळहळला, लिहिता झाला. गिधाडे गेली तेव्हा ती हळहळ उमटली नाही. ज्याचे नावच शिवी आहे, त्याच्यासाठी शोक करण्यास शब्द कोठून आणावयाचे?

हा वाक्प्रचार बहिष्कृत करावा, असे सुचविण्याचा हेतू नाही. भाषा अशा आज्ञा मानत नाही. समीक्षेचे काम वेगळे आहे. ‘गिधाडे’ शिकविताना शीर्षक आणि नाटक यांमधील अंतर विद्यार्थ्यांस दाखवावे. जटायू आणि गिधाड ही एकाच पक्ष्याची नावे आहेत, हे पुन्हा उच्चारावे. आणि ज्यांनी ही पाखरे गावाच्या सीमेवर उतरताना पाहिली आहेत, अशा वृद्धांकडून त्यांची बोलीतील नावे, त्यांविषयीचे समज व म्हणी यांचे संकलन वेळीच व्हावे. हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहज करता येण्याजोगे आणि दहा वर्षांनी अशक्य होणारे काम आहे. ‘गृध्’ या धातूचा अर्थ बदललेला नाही. त्याचा कर्ता कोण, एवढेच आपणांस नव्याने ठरवावयाचे आहे.