सोडियमला काय हवे असते?

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आणि त्यातली बरीच वर्षे ‘कारण म्हणजे काय’ या एकाच प्रश्नात गेली. आज एका वाक्यावर टीका करायची आहे. ते तुम्ही सगळ्यांनी शाळेत घोकलेले आहे. सोडियमला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, देवाणघेवाणीत दोघांचे अष्टक पूर्ण होते आणि मीठ तयार होते.

हे वाक्य मीही वर्गात वापरले आहे, तेही कारण कसे सांगावे याचा नमुना म्हणून! मध्यंतरी नातीचा अभ्यास घेताना तेच पुन्हा सांगितले, तर ती म्हणाली, “पण आजोबा, आपले आठ झाले हे त्याला कळतं कसं?” मला काही उत्तर देता येईना.

आधी या वाक्यातले खरे काय ते मान्य करू. लिथियमचे संरूपण २, १. सोडियमचे २, ८, १. पोटॅशियमचे २, ८, ८, १. तिघांच्या शेवटच्या कवचात एकेक इलेक्ट्रॉन, आणि तिघेही पाण्याशी झोंबणारे मऊ धातू. मेंडेलीव्ह यांनी आवर्तसारणी मांडली १८६९ साली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. म्हणजे कुटुंबे आधी ओळखली गेली, नाते कशाचे ते नंतर समजले. कवचात अमुक इतकेच इलेक्ट्रॉन का मावतात, त्याचा नियम पाउली यांनी १९२५ साली दिला. हे यश फार मोठे आहे. माझे भांडण त्याच्याशी नाही, ‘हवे असते’ या क्रियापदाशी आहे.

आपल्याकडे वैशेषिकांनी परमाणूंचा विचार केला. त्यांचा परमाणू आणि आजचा अणू एक नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. पण एक शिस्त त्यांनी पाळली होती. इच्छा, द्वेष, प्रयत्न हे गुण आत्म्याचे. पृथ्वीच्या किंवा पाण्याच्या परमाणूचे नव्हेत. आपल्या शाळेतला अणू मात्र बिनदिक्कत इच्छा धरतो!

तुम्ही म्हणाल, ही नुसती बोलण्याची पद्धत आहे. बरं, मग हिशेब करून पाहू. एक मोल सोडियमच्या सुट्या अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते. क्लोरीनच्या अणूंनी ते इलेक्ट्रॉन घेतले की सुमारे ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटा! सोडियम ‘देऊन टाकायला’ अजिबात उत्सुक नाही. मग मीठ होते का? कारण धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढत स्फटिकात रचले जातात, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. फायदा तिथे आहे. आणि सोडियम एकावरच का थांबतो? आठ झाल्याच्या समाधानाने नव्हे. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला. तो काढायला ४,५०० किलोज्यूलच्या वर लागतात, आणि एवढी भरपाई स्फटिक करू शकत नाही. नातीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. त्याला काहीच कळत नाही, कळावे लागतही नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चुकीचे कारण पुढचा प्रश्नच बंद करते. राजवायूंचे कवच पूर्ण, म्हणून ते तृप्त, म्हणून त्यांची संयुगे होणे नाही, असा समज रूढ झाला. पॉलिंग यांनी १९३३ साली झेनॉनची संयुगे होऊ शकतील असे म्हटले होते. त्या सुमारास प्रयत्नही झाला, तो फसला, आणि मग जवळजवळ तीस वर्षे विषय तसाच पडून राहिला. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट यांच्या लक्षात आले की प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेते, आणि झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. त्यांनी दोन्ही वायू एकत्र आणले, आणि पिवळसर केशरी घन पदार्थ समोर आला. त्यांनी ‘झेनॉनला काय हवे’ असे विचारले नाही. ‘किती लागेल’ असे विचारले.

तिसरा आक्षेप. शेवटच्या कवचातली संख्या कळली की गुणधर्म कळले, हेही पुरते खरे नाही. हेलियमकडे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन, मॅग्नेशियमकडेही दोनच. मॅग्नेशियम पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो, हेलियम फुग्यात गपचूप बसतो. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन केंद्रकाला अगदी लगटून, आणि पुढची मोकळी पातळी फार दूर. उलट उदाहरण बघा. निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम एकाच गणातले. तिघांच्याही साहाय्याने तेलात हायड्रोजन मुरवता येतो. वनस्पती तूप निकेलवरच होत आले. पण एकट्या अणूचे संरूपण पाहिले तर निकेल २, ८, १६, २. पॅलेडियम २, ८, १८, १८. प्लॅटिनम २, ८, १८, ३२, १७, १. शेवटचे आकडे तीन तऱ्हांचे, स्वभाव मात्र एका घरचा.

तेव्हा संरूपण हे कारणाचा एक भाग आहे, सबंध कारण नव्हे. इलेक्ट्रॉन किती, यासोबत ते केंद्रकापासून किती दूर, किती घट्ट धरलेले, शेजारी मोकळी जागा आहे का, आणि समोर कोण आहे, हे सगळे विचारावे लागते.

मग अष्टकाचा नियम शाळेतून काढून टाकायचा का? मुळीच नाही. लक्षात ठेवायला तो उत्तम आहे, बऱ्याच वेळा बरोबर उत्तरही देतो. पण त्याला खूण म्हणावे, कारण म्हणू नये. मुलांना ४९६, ३४९ आणि ७८७ या तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायला द्यावी. नववीतल्या मुलाला ती सहज येते. ज्या विद्यार्थ्यांना मी ते वाक्य नमुना म्हणून शिकवले, त्यांतले काही आज इथे बसलेले दिसतात. त्यांनी आपल्या वहीत ही दुरुस्ती करून घ्यावी. आता तुमचे प्रश्न घेऊ.