बँटिंगसाहेबांचें बांडगूळ

लठ्ठपणा गेल्याचा आनंद जगाला कळविण्यासाठीं लिहिलेल्या पुस्तकांची आज गणना करणें कठीण आहे. परंतु त्या साऱ्या वंशाचा मूळपुरुष शोधूं गेल्यास तो १८६३ सालच्या लंडनमध्यें सांपडतो. विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) हें त्याचें नांव. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. राजघराण्यांतील प्रेतयात्रांचें काम त्यांच्या घराण्याकडे असे. या गृहस्थांनीं ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ या नांवाचें एक लहानसें चोपडें लिहिलें, पदरच्या पैशानें छापलें आणि पहिल्या दोन आवृत्त्या फुकट वांटल्या. इंग्रजींत त्यांच्या नांवाचें क्रियापद कांहीं काळ रूढ झालें, आणि स्वीडिश भाषेंत तर पथ्यानें वजन उतरविण्यास आजही ‘बांता’ असेंच म्हणतात. आपलें आडनांव धातु होऊन बसावें, हें भाग्य आमच्या ओळखीच्या एकाही कवीच्या वांट्यास आलेलें नाहीं.

हें जुनें चोपडें आज पुन्हा हातीं घेण्यास कारण आहे. सेमाग्लुटाइडसारख्या नव्या औषधांमुळें दहा-पंधरा किलो वजन उतरलेलीं माणसें आतां आपल्या ओळखीपाळखींतही दिसूं लागलीं आहेत. त्यांच्या तोंडून जें ऐकावयास मिळतें, त्यांतील कांहीं बँटिंगसाहेबांनीं अगदीं बरोबर सांगून ठेवलें आहे, आणि कांहीं त्यांनीं असें डोळ्याआड केलें आहे कीं, त्यांच्यामागून आलेल्या शेंकडों लेखकांनाही तें दिसेनासें झालें.

प्रथम गुणांचें बोलूं. बँटिंग यांची उंची ५ फूट ५ इंच आणि ऑगस्ट १८६२ मधील वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो होतें. आपल्या दुरवस्थेचें वर्णन करतांना ते विशेषणें उधळीत बसत नाहींत. बुटाचे बंद स्वतः बांधतां येत नव्हते. घोटे व गुडघे सांभाळण्यासाठीं जिना उलट्या पावलीं, हळूहळू उतरावा लागे. हें त्यांनीं सरळ सांगून टाकलें आहे. ज्यानें आयुष्यभर राजेरजवाड्यांच्या शवपेट्या गंभीरपणें खांद्यावरून नेवविल्या, त्यानें स्वतःच्या घरांत जिना पाठमोरा उतरावा, हें चित्र एखाद्या कादंबरीकारानें रंगविलें असतें तर आम्हीं त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. उपाय करण्यांत त्यांनीं कसूर केली नव्हती. सकाळीं नाव वल्हविली, तर भूक मात्र वाढली. समुद्रावरची हवा, बाष्पस्नानें, औषधी झऱ्यांचें पाणी, सर्व झालें. अखेर ऐकूं येईनासें झालें म्हणून ते विल्यम हार्वे नामक कर्णरोगाच्या शस्त्रवैद्याकडे गेले. या वैद्यानें पॅरिसमध्यें मधुमेहावरील व्याख्यानें ऐकलीं होतीं. त्यानें कानांत औषध घालण्याऐवजीं रोग्याच्या ताटांतील पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे काढून घेतले. उरलें तें मांस, मासे, भाजी, थोडीं फळें, तोळा-दोन तोळे भाजलेला पाव आणि क्लॅरेटचे पेले. दिवसांतून चार वेळां असें जेवणारा हा गृहस्थ उपासानें वाळला, असें कोणाही मराठी ब्राह्मणास वाटणार नाहीं! सुमारें वर्षभरांत ४६ पौंड वजन उतरलें, कानही सुधारले, आणि जिना सुलट उतरतां येऊं लागला.

कानांची ही गोष्ट महत्त्वाची आहे. मनुष्य एका गोष्टीसाठीं जातो आणि भलतीच घेऊन परततो, हें वजन उतरण्याच्या अनुभवाचें मर्म येथें पहिल्यांदाच कागदावर उतरलें.

पुस्तकाचा दोष मात्र त्याच्या उपमेंत आहे, आणि तो लहानसहान नाहीं. बँटिंगसाहेबांनीं मेदाला मनुष्यजातीस छळणाऱ्या परोपजीवी जंतूंच्या पंक्तीस नेऊन बसविलें आहे. आपल्याकडच्या भाषेंत बोलावयाचें तर मेद म्हणजे आंब्यावरचें बांडगूळ. बांडगूळ छाटलें कीं झाड मोकळें होतें, त्याला पुन्हा पालवी फुटते, आणि छाटलेल्या बांडगुळासाठीं झाड कधीं रडत नाहीं. उपमा ही केवळ अलंकारासाठीं असती तर आम्हीं तिच्या वाटेस गेलों नसतों. परंतु या उपमेवर पुढील दीडशें वर्षांचें सारें शास्त्र, जाहिरात आणि उपदेश उभा राहिला. मेद परका, म्हणून तो घालविणें सोपें. घालविल्यावर उरेल तो खरा मी, आणि तो पूर्वीचाच. इतकेंही करून मेद परत आला, तर दोष माळ्याचा.

वस्तुस्थिति निराळी आहे. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लेप्टिन या द्रव्याचा शोध लावला, तेव्हां मेद हा मेंदूशीं अखंड बोलणारा अवयव आहे हें निर्विवाद झालें. बांडगुळाची उपमा त्याच दिवशीं संपावयास हवी होती. मेदाला उपमा द्यावयाची तर ती जुन्या वाड्यांतील पेवाची द्यावी. पेवांतील धान्य खालीं जाऊं लागलें कीं घरची जुनी, दुष्काळ पाहिलेली कर्ती बाई काय करते? दिवे लवकर मालविते, सरपण जपून जाळते, आणि मुलांना सारखी बजावीत राहते कीं कोठें कांहीं मिळालें तर घेऊन या. वजन उतरलेलें शरीर तंतोतंत असेंच वागतें. रूडोल्फ लायबेल प्रभृतींनीं १९९५ मध्यें दाखविलें कीं दहावा हिस्सा वजन घटल्यावर शरीराचा खर्च नव्या वजनाच्या मानानें जितका कमी व्हावा त्याहूनही अधिक कमी होतो. अमेरिकेंत वजन उतरविण्याच्या चढाओढीचा दूरचित्रवाणीवर एक तमाशा होत असे. त्यांतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनीं तपासणी झाली. २०१६ सालच्या त्या अहवालाप्रमाणें बहुतेकांचें वजन बऱ्याच अंशीं परतलें होतें, तरी शरीराचा विसाव्याचा खर्च मात्र अपेक्षेहून रोज सुमारें ५०० कॅलरींनीं कमीच राहिला होता. पेव पुन्हा भरलें, तरी कर्त्या बाईचा विश्वास परत आला नाहीं!

म्हणूनच अशा माणसाला भर दुपारीं पंख्याखालीं हुडहुडी भरते. दोन-तीन महिन्यांनीं केस मुठीनें गळूं लागतात आणि घरांत घबराट होते. बहुधा ते पुन्हा येतात, पण हें त्यास अगोदर कोणीं सांगितलेलें नसतें. वजन फार वेगानें उतरलें तर पित्ताशयांत खडे धरतात. सैल पडलेली कातडी घडी घालून ठेवतां येत नाहीं. मांसपेशीही मेदाबरोबर कांहीं अंशीं जातातच.

भुकेसंबंधानें तर आमच्या चरकाचार्यांनीं बँटिंगसाहेबांहून अधिक न्याय केला आहे. ‘अष्टौनिंदितीय’ अध्यायांत अतिस्थूल मनुष्याची गणना निंदितांत केलेली असली, तरी मेदानें मार्ग रोधल्यामुळें वायु कोठ्यांत फिरून अग्नि चेतवितो व म्हणून त्यास भूक आवरत नाहीं, असें कारण तेथें दिलें आहे. कारण आज कोणी मानणार नाहीं; पण भूक ही शरीराची, चारित्र्याची नव्हे, एवढें त्यांतून स्पष्ट होतें. पेव रिकामें होतांना मनाचें काय होतें, हें पाहावयाचें तर मिनेसोटा विद्यापीठांतील प्रयोगाकडे वळावें लागेल. १९४४-४५ मध्यें अँसेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटीं ठेवलें. ही मुळांत सडपातळ माणसें, तेव्हां त्यांची स्थिति लठ्ठ माणसास जशीच्या तशी लावतां येणार नाहीं. तरीही जें झालें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सुमारें चौथाई वजन गेलें. हंसतीं-खेळतीं मुलें चिडखोर व एकलकोंडीं झालीं, ताट चाटूं लागलीं, पाककृतींचीं पुस्तकें कादंबऱ्यांसारखीं वाचूं लागलीं. स्त्रियांविषयींची ओढ ओसरली. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे, आपण हडकलों असें त्यांना वाटेना. उलट बाहेरचीं साधारण माणसेंच त्यांना लठ्ठ दिसूं लागलीं.

बँटिंग यांच्या पुस्तकांत यांतलें कांहींएक नाहीं. पोटभर मांसाहारामुळें त्यांना भुकेचा जाच फारसा झाला नसावा, हेंही खरें. परंतु त्यांचा शिष्यवर्ग तितका भाग्यवान नव्हता. ज्याचें वजन परत येतें, त्याला घरचे-बाहेरचे सर्वच ‘निश्चय टिकला नाहीं’ म्हणून बोल लावतात, आणि तोही स्वतःस लावून घेतो. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनाचा सुमारें दोनतृतीयांश भाग परत आला, असें २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत दिसून आलें. इतक्या माणसांचा निश्चय एकाच वर्षांत, एकाच प्रमाणांत ढळला, असें मानण्यापेक्षां उपमा चुकली असें मानणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

यावरून वजन उतरवूं नये, असा आमचा पक्ष आहे असें कोणीं समजूं नये. गुडघे, रक्तदाब, मधुमेह यांची पीडा त्यानें खरोखर हटते, आणि जिना सुलट उतरतां येण्याचें सुख काय असतें तें ज्याचें त्यास ठाऊक. आमची तक्रार वृत्तांत अर्धा सांगितल्याबद्दलची आहे.

त्यांतही सामाजिक अर्ध्याबद्दलची तक्रार आम्ही अधिक तीव्र मानतों. भाड्याच्या सार्वजनिक गाडींत किंवा नाटकगृहांत शिरतांना लोक कसे कुत्सितपणें पाहात, हें बँटिंगसाहेबांनीं लिहिलें आहे, आणि तीं वाक्यें चोपड्यांतील सर्वांत सच्चीं आहेत. पण वजन उतरल्यावर ही कुचेष्टा थांबली कीं ते कृतज्ञतेनें पुढें सरकतात. ज्या लोकांनीं काल हंसून जागा अडविली, त्यांनींच आज अदबीनें जागा करून दिली, तर त्या अदबीचा अर्थ काय लावावा? आजचे अनुभवी येथेंच अडखळतात. कचेरींत पूर्वी ज्यांचें लक्ष नव्हतें ते आतां मत विचारतात. दुकानदार ‘या, या’ म्हणतो. आणि सत्कार झालेल्या माणसाच्या मनांत आनंदाऐवजीं राग दाटून येतो. काल होतों तो मीच होतों ना? हा प्रश्न बँटिंगसाहेबांस पडला नाहीं, कारण काल होता तो त्यांच्या मतें बांडगुळाखालीं दबलेला कोणी होता.

मराठी घरांत हा प्रकार आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि त्याचें कारण भाषेंतच सांपडतें. आमच्याकडे मूल बाळसें धरतें, तरुण अंगानें भरतो, सून माहेरीं जाऊन सुधारून येते. उलट बाजूस पाहावें तर वाळणें, सुकणें, रोडावणें, हडकणें, खंगणें, झिजणें, आटणें. यांतील एकही शब्द आनंदानें उच्चारतां येत नाहीं. सारे दुष्काळाचे, क्षयाचे किंवा काळजीचे. ‘बारीक’ हा एकच शब्द अलीकडे दोन्ही दरबारीं चाकरी करूं लागला आहे: ‘किती बारीक झालीस!’ असें मैत्रीण म्हणते तें अभिनंदन असतें, आणि तेंच वाक्य आत्याबाई म्हणतात तेव्हां त्याच्या पाठोपाठ ‘साखर तपासून घेतलीस का?’ हें येतें. ज्यास प्रयासानें वजन उतरवावें लागलें, त्यास एकाच लग्नमंडपांत शाबासकी आणि सांत्वन दोन्हीं स्वीकारावीं लागतात. पंगतींत तर विचारूंच नका. आग्रहाची जिलबी नाकारणें हें पथ्य असलें तरी यजमानीणबाईंच्या हिशेबीं तो हाताच्या चवीचा नकार असतो, आणि दुसऱ्या घांसापूर्वीं ‘आम्हीं काय विष घातलें आहे?’ हा प्रश्न ताटावर येऊन पडतो.

घराच्या आंतही तोल हालतो. वजन उतरलें कीं संसार सुखाचा होतो, अशी जाहिरातींची ग्वाही आहे. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणींत, जठराची शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांपैकीं अविवाहितांना सोबती मिळण्याचें प्रमाण वाढलेलें दिसलें. पण अगोदरच जोडीदार असलेल्यांत विभक्त होण्याचें व घटस्फोटाचेंही प्रमाण वाढलें होतें. दोघांनीं मिळून रात्रीं खाण्याची जी संवय, तीच ज्या जोडप्याची मुख्य गप्पागोष्टींची वेळ, त्यांतील एकानें ताट बाजूस सारलें तर दुसऱ्यास तें आपणांसच बाजूस सारल्यासारखें वाटतें. आणि खुद्द त्या माणसाला आरशांत अजून जुनाच देह दिसत असतो. दारांतून जातांना तो अंग चोरतो, खुर्चीवर बसण्यापूर्वीं तिचे पाय न्याहाळतो.

बँटिंगसाहेबांनीं आपल्या वजनांचा तारीखवार तक्ता पुस्तकास जोडला आहे. आजच्या जाहिरातींतील ‘आधीं’ आणि ‘नंतर’ या दोन छायाचित्रांचा तोच पूर्वज होय. असा तक्ता न जोडतां, ‘नंतर’च्याही नंतरचें लिहिलेलें पुस्तक मराठींत आमच्या पाहण्यांत नाहीं. साऱ्या घराचा पुरणावरणाचा स्वयंपाक करीत स्वतः वीस किलो उतरलेल्या एखाद्या गृहिणीनें तें लिहिल्यास आम्ही त्याचा परामर्श आनंदानें घेऊं. तोंवर जिज्ञासूंनीं हें इंग्रजी चोपडें अवश्य वाचावें, मात्र क्लॅरेटचा भाग आपापल्या वैद्यास विचारून.