बिल्ला गाईच्या कानात, पिशवी टपरीच्या पायरीवर

आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे: दुधाच्या पुरवठा साखळीत इलेक्ट्रॉनिक मागोवा. आपण तो साध्या शब्दांत घेऊ. आज सकाळी रोह्यात तुमच्या घरी ज्या पिशवीचा चहा झाला, ती कुठून कशी आली हे कुणाला ठाऊक आहे? आणि ज्याला ठाऊक आहे, तो ते तुम्हाला सांगतो का?

रोहा हे दूध पिणारं गाव आहे, दूध पाठवणारं नाही. आपल्याकडे भात आहे, कुंडलिका आहे, धाटावची एमआयडीसी आहे, कोकण रेल्वे इथून सुरू होते. पण आपली डोंगरात चरणारी कोकण कपिला दिवसाला दोन-अडीच लिटर देणार. ती उन्हापावसात टिकते, कमी चाऱ्यावर राहते, हा तिचा गुण. त्या दुधावर गावाचा चहा भागत नाही. त्यामुळे पिशवीतलं दूध मुख्यतः घाटावरून येतं, रात्रीचा प्रवास करून. म्हणजे साखळीच्या शेवटच्या कडीवर आपण बसलोय, आणि तिथून पाहिलं की या सगळ्या तंत्रज्ञानाचं रूप वेगळं दिसतं. परिषदांमधून दिसतं तसं दिसत नाही.

परिषदांमध्ये एक घोषणा नेहमी ऐकू येते, 'गोठ्यापासून ग्लासापर्यंत'. गाईच्या कानात टॅग, संकलन केंद्रावर संगणक, टँकरला जीपीएस, पिशवीवर क्यूआर कोड. मोबाइल धरला की गाय दिसेल, असं एकूण चित्र. माझं म्हणणं असं की हे चित्र बहुतेक दुधाच्या बाबतीत खरं असूच शकत नाही. कंपन्या खोट्या आहेत म्हणून नव्हे, दूध हा पातळ पदार्थ आहे म्हणून.

हिशेब करा. समजा, एका गावात दोनशे शेतकरी सकाळी केंद्रावर दूध घालतात. प्रत्येकाचं वजन होतं, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, पावती निघते. इथपर्यंत दुधाला नाव आहे. पुढच्या मिनिटाला ते बल्क कूलरमध्ये ओतलं जातं आणि नाव संपतं. चार-पाच गावांचे कूलर एका टँकरमध्ये, असे कितीतरी टँकर प्रकल्पातल्या एका टाकीत. तुमच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत हजारो गाईंचं थेंब-थेंब दूध असतं. आंब्याच्या पेटीचं तसं नाही, पेटीवर बागेचं नाव राहू शकतं. दुधाच्या क्यूआर कोडमधून फार तर प्रकल्प, बॅच आणि तारीख कळते. ती तर पिशवीवर छापलेलीच असते.

अपवाद आहेत. मंचरजवळच्या भाग्यलक्ष्मी फार्मचं दूध 'प्राइड ऑफ काऊज' या नावानं मुंबई-पुण्यात घरपोच जातं. एकच कळप, स्वतःचा गोठा, स्वतःची बाटली. तिथे गाईपर्यंत माग काढता येतो, कारण मधे दुसऱ्या कुणाचं दूध मिसळतच नाही. पण ते महाग दूध आहे. त्या गोठ्याचं उदाहरण दाखवून दोन-तीन गाईंच्या शेतकऱ्यांवर उभी असलेली साखळी तशीच चालेल असं म्हणणं, हे मला पटत नाही.

आता कानातला तो पिवळा बिल्ला. आधी एक गैरसमज काढू. त्यात काही इलेक्ट्रॉनिक नसतं. प्लास्टिकचा तुकडा आहे, त्यावर बारा अंकी नंबर आणि बारकोड. सगळी विद्या मोबाइलमधल्या नोंदीत. आधी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची 'इनाफ' प्रणाली, आता 'भारत पशुधन'. हा बिल्ला मुळात आजारासाठी आणि पैदाशीसाठी आहे, आणि त्या कामाला तो चांगला आहे. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा कुठल्या जनावराला लस दिली याची नोंद त्याच नंबरावर ठेवता आली. दुभती गाय दगावली तर ३० हजार रुपयांची मदत होती. अशा वेळी जनावराची ओळख सरकारदरबारी असणं याला किंमत असते. युरोपातही हेच झालं. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये वेड्या गाईच्या आजाराचा माणसाशी संबंध जाहीर झाला आणि त्याच वर्षी तिथे जनावरांचे पासपोर्ट सुरू झाले. तिथेही निमित्त आजाराचंच होतं.

आपल्याकडे गंमत पुढे झाली. गंमत म्हणायची पद्धत म्हणून, शेतकऱ्याला ती गंमत नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाचे भाव पडलेले होते आणि राज्य सरकारनं लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केलं. ठरलेल्या प्रतीच्या दुधाला संघानं किंवा खासगी डेअरीनं किमान २७ रुपये द्यायचे, वर सरकारचे पाच. अट काय? गाईच्या कानात टॅग हवा, त्याची ऑनलाइन नोंद हवी, ती शेतकऱ्याच्या आधारशी आणि बँक खात्याशी जुळायला हवी. आजारासाठी केलेला बिल्ला असा एका दिवसात पैशाची चावी झाला.

कागदावर अट वाजवी आहे. बोगस लाभार्थी नकोत हे बरोबरच. पण गोठ्यात काय होतं बघा. गाय खांबाला मान घासते, बिल्ला तुटून पडतो. नवा मारला की नंबर नवा. गाय बाजारातून आणली तर नोंद जुन्या मालकाच्या नावावर. गाय सासऱ्याच्या नावावर, केंद्रावर दूध घालते सून, खातं नवऱ्याचं. या तीन गोष्टी जुळेपर्यंत अनुदानाची मुदत सरत आली. दूध तर रोज गेलंच, ते कुणी थांबवलं नाही! प्रकल्पाला दूध घेताना टॅग लागत नव्हता, शेतकऱ्याला पैसे मिळताना लागत होता. माझ्या टीकेचं मूळ इथे आहे.

आणि आपल्या रोहा-पेणकडचा माणूस? त्याच्या दोन गाई, दूध घरोघर किंवा हॉटेलात रतीबानं जातं. अनुदान डेअरीमार्फत होतं. याच्या गाईच्या कानात बिल्ला असला काय, नसला काय, योजनेच्या हिशेबात त्याचं दूध धरलंच नव्हतं. रतिबाच्या दुधाचा माग मात्र सगळ्यात सोपा: पातळ आलं की दुसऱ्या दिवशी दारातच विचारायचं.

आता संकलन केंद्रावरच्या काट्याकडे या. यावर बाहेर फारसं कुणी बोलत नाही, शेतकरी संघटना बोलतात. काटा इलेक्ट्रॉनिक असला तरी शंभर ग्रॅमच्या टप्प्यानं वाचणारा असू शकतो. शेतकऱ्यानं ४ किलो ३८० ग्रॅम ओतलं आणि काट्यानं वरचं सोडून दिलं, तर नोंद ४ किलो ३०० ची. ऐंशी ग्रॅम गेले. कधी दहा जातील, कधी नव्वद. सरासरी पंचेचाळीस धरा. दोन वेळचे नव्वद ग्रॅम, वर्षाचे तेहतीस किलो. तीस रुपयांच्या भावानं हजार रुपयांच्या आसपास. एका माणसाला हे जाणवतही नाही. दोनशे जणांच्या केंद्रावर हेच रोजचं अठरा किलो दूध होतं, ज्याला मालक नाही. हे पुढे जी माहिती म्हणून संगणकात जातं, ती सुरुवातीपासूनच अशी एका बाजूला कललेली. म्हणून दहा ग्रॅमच्या टप्प्याचा काटा द्या ही मागणी मला कुठल्याही जीपीएसपेक्षा महत्त्वाची वाटते.

फॅट मोजणाऱ्या यंत्राचंही तसंच. यंत्र जे मोजतं ते वाढवायची युक्ती माणूस शोधतोच. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन घातलं गेलं, कारण चाचणी प्रथिनं थेट मोजत नव्हती, नायट्रोजन मोजत होती. पाणी घातलेलं दूध चाचणीत भरदार दिसलं. सहा बाळं गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली. नोंदी ठेवलेल्या नव्हत्या असं नाही. चुकीच्या गोष्टीची नोंद ठेवली जात होती. आपल्याकडे युरिया घालतात तोही आकडा फुगवायलाच.

बरं, आपल्याकडे खरी भीती कशाची? भेसळ हा शब्द आला की आपण गवळ्याकडे बघतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. घातक भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. पण अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं ५.७ टक्के नमुन्यांत, आणि त्यात पिशवीतलं प्रक्रिया केलेलं दूधही होतं. हे विष कुणी मुद्दाम घालत नाही. बुरशी लागलेली पेंड, ओलसर मका, दमट चारा गाईनं खाल्ला की ते दुधात उतरतं. उकळून जात नाही. लहान मुलांचं मुख्य अन्न दूध, म्हणून काळजी त्यांची जास्त.

म्हणजे माग काढायचाच तर पेंडीच्या पोत्याचा काढायला हवा. कुठल्या गोदामातून आलं, किती दिवस ओलीत पडलं, कुठल्या गावांत गेलं. गाईच्या कानाला नंबर आहे, तिच्या दावणीतल्या पोत्याला कुणी विचारत नाही. यासाठी फार मोठं यंत्रही नको. प्रत्येक कूलरचा एक छोटा नमुना, नंबर घातलेल्या बाटलीत, टँकरचा निकाल येईपर्यंत थंड जपून ठेवायचा. टँकर नापास झाला तर बाटल्या तपासायच्या आणि गावापर्यंत पोचायचं. त्या गावात मग पेंड बदलून द्यायची, शेतकऱ्याला दंड करायचा नाही. दंड ठेवला तर पुढच्या वेळी बाटलीत भलतंच दूध येईल.

शेवटी आपली टपरी. प्रकल्पात दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच गार करतात, पुढे चार-पाच अंशांच्या आत ठेवायचं. टँकरच्या तापमानाची नोंद होते, प्रकल्पातल्या टाकीची होते. मग रात्री गाडी घाट उतरते, पहाटे क्रेट दुकानाच्या पायरीवर उतरतात. दुकान उघडायला तासभर आहे. मे महिना आहे, किंवा पावसाळ्यात वीज गेलेली आहे. या तासाची नोंद कुठल्याच संगणकात नाही. दुपारी दूध नासलं की गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं, दुकानदार वितरकाला फोन करतो, वितरक म्हणतो माझ्याकडून गारच निघालं. तिघंही खरं बोलत असतील!

हे सुटण्यासारखं आहे, आणि उदाहरण आपल्या आरोग्य केंद्रातच आहे. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक खूण असते. आतला चौकोन उष्णता लागेल तसा गडद होत जातो, बाहेरच्या वर्तुळाइतका झाला की लस टाकून द्यायची. १९९६ पासून जगभर वापरात आली. लसीच्या फ्रिजचं तापमान सरकारच्या 'ई-विन' प्रणालीत वर कळतं, ते वेगळं. मला ती कुपीवरची खूण जास्त आवडते. ती नर्सताईंना वाचता येते, बाळाच्या आईलाही दाखवता येते. दुधाच्या प्रत्येक पिशवीवर नको, परवडणार नाही. क्रेटवर एक लावा. दुकानदार क्रेट उचलताना बघेल आणि गडद असेल तर परत पाठवेल.

पण इथेही तेच होऊ शकतं, म्हणून आत्ताच बोलून ठेवतो. ही खूण फक्त कंपनीनं वाचायची ठरली तर पहिला बळी दुकानदाराचा. त्याला पिशवीमागे सुटतं किती, त्यात फ्रिजचं बिल बसतं का, हे त्याला विचारा. पहाटे क्रेट पायरीवर न ठेवता आत घ्यायचे तर गाडी यायची वेळ बदलावी लागेल, नाही तर त्याला बर्फाची पेटी द्यावी लागेल. पेटीचे पैसे साखळीत वरून आले पाहिजेत.

आता प्रश्न घेऊ. मागे दूध विक्रेते बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.