पिवळ्या दिव्याचे रसग्रहण

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी कॉमर्सचा माणूस. सौंदर्यशास्त्राशी माझा कॉलेजात जो काही संबंध आला, तो समोरच्या आर्ट्सच्या इमारतीकडे बघण्यापुरता, तोही एकतर्फी. पुढे बँकेत चिकटलो आणि गेली २२ वर्षे लोकांच्या सह्यांचे तेवढे रसग्रहण करतो आहे. तरीही आज समीक्षेला हात घालतोय, कारण एका कलाकृतीकडे आजवर एकाही समीक्षकाचे लक्ष गेलेले नाही. ही कलाकृती माझ्या गाडीत स्पीडोमीटरच्या शेजारी राहते. टायरमधली हवा कमी झाली की लागणारा पिवळा दिवा, तीच ती.

आधी चित्राविषयी. घोड्याचा नाल तोंड वर करून ठेवावा, त्याच्या बुडाला दात काढावेत आणि पोटात एक उद्गारचिन्ह उभे करावे, की झाले चित्र. टायर आडवा कापला तर असा दिसतो म्हणे. पण टायर कापून बघायची वेळ आजवर कुणावर आली आहे? आमच्या हिला त्यात बोळक्यात उभी केलेली मेणबत्ती दिसली. आईला संक्रांतीचे सुगड दिसले. मला वसुलीची नोटीस दिसली. एकाच चित्राचे घरात तीन अर्थ निघाले, म्हणजे कलाकृती थोर असली पाहिजे. शेजारची तेलाची झारी बघा, तांबडी लागली की अडाण्यालाही कळते, गाडी थांबव. पिवळ्याचे तसे नाही. पिवळा म्हणतो, 'चालू दे, पण बघून घे.' आणि आपण मराठी माणसे 'चालू दे' एवढेच ऐकतो.

आता आशय. काहीतरी बिघडले आहे, एवढेच हा दिवा सांगतो. कुठले चाक? सांगत नाही. हवा किती उतरली? सांगत नाही. नवकवी दुर्बोध म्हणून आपण नाके मुरडतो, पण नवकवी निदान कवितेला शीर्षक तरी देतो.

या क्षेत्रातही दोन संप्रदाय आहेत. पहिला वास्तववादी. यात प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हपाशी एक चिमुकले यंत्र बसवतात. ते आतला दाब मोजून रेडिओलहरींनी गाडीला कळवते आणि बऱ्याच गाड्यांत चारही चाकांचे आकडे समोर येतात. दुसरा संप्रदाय अनुमानवादी. तो हवा मोजतच नाही. हवा उतरलेले चाक किंचित बुटके होते आणि बाकीच्यांच्या बरोबरीने राहायला त्याला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात. ब्रेकच्या यंत्रणेकडे गिरक्यांचा हिशेब असतोच, त्यावरून अंदाज बांधायचा. स्वस्त आणि हुशार. माझी गाडी या दुसऱ्या संप्रदायातली, हे सांगायला नकोच. मी बँकेत असलो तरी काउंटरच्या पगारातला आहे.

या संप्रदायाची एक अट असते. टायरमध्ये बरोबर हवा भरायची आणि मग एक बटण दाबून गाडीला सांगायचे, 'ही खरी हवा, लक्षात ठेव.' कथेतला खलनायक तो हाच. म्हणजे बटण नव्हे, दाबणारा.

झाले असे. डिसेंबरात दिवा लागला. मी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "थंडीने हवा आकसते हो, दुपारी जाईल." शास्त्र बरोबर होते, हिशेब चुकला होता. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की हवेचा दाब एक पौंडाने उतरतो. अमेरिकेत टायरच्या बिघाडाने गाड्या उलटून माणसे गेली, म्हणून २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांत हा दिवा सक्तीचा झाला. तिथला नियम असा की पाव हवा गेली की दिवा लागलाच पाहिजे. माझ्या टायरची हवा ३३, तिचा पाव म्हणजे ८ पौंड. एवढी हवा नुसत्या थंडीने उतरायला पुण्याचे तापमान चाळीसेक अंशांनी खाली जायला हवे होते. बी.कॉम. माणसाने हा त्रैराशिकाचा हिशेब केला नाही. त्याने बटण दाबले. दिवा विझला. मी शेजाऱ्यांना चहा पाजला.

कॉमर्सच्या वाचकांना सांगतो, यालाच चुकीची ओपनिंग बॅलन्स म्हणतात. पुढची सगळी खतावणी बिनचूक जुळते, फक्त पैसे नसतात.

मे महिन्यात मुलीची प्रवेश परीक्षा होती. केंद्र कात्रजच्या पुढे आणि आम्ही वारज्याला. बायपासवर नवले पुलाच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढू लागली. उतरलो, तर मागचे डावे चाक जमिनीला टेकून बसलेले. मागची स्टेपनी काढली. ती त्याहून बसलेली! स्टेपनी फिरत नाही, तेव्हा गिरक्या मोजणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो. (२०२० साली आपल्याकडे नियम झाला की हवेचा पहारेकरी, ट्यूबलेस टायर आणि पंक्चरचा संच असला तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल. तेव्हा मी हसलो होतो.)

शेजारून ट्रक गेला की अख्खी गाडी हलायची. मुलगी हातात प्रवेशपत्र घेऊन कठड्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. त्याचाच मला जास्त त्रास झाला. शेवटी एक रिक्षा मिळाली आणि फाटक बंद व्हायला ६ मिनिटे असताना ती आत गेली.

संध्याकाळी मी बाजू मांडली. "कुठलं चाक ते दिवा सांगतच नाही!"

ती म्हणाली, "बाबा, चारच तर होती."

यावर समीक्षेत उत्तर नाही.

पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवून खिळा दाखवला. म्हणाला, "जुना हाय साहेब, हळूहळू हवा सोडतोय कधीचा." ड्रायव्हरच्या दारालगत हवेचे आकडे लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, हेही त्यानेच दाखवले. चार वर्षे मी त्या दाराने आत-बाहेर करत होतो.

तेव्हा माझे मत असे: आशय उत्तम, हेतू उदात्त, अभिव्यक्ती मात्र अर्धवट. जो इशारा नेमके काय चुकले ते सांगत नाही, तो विझवायचा मोह माणसाला होतोच. हे वाक्य लिहून मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक आजोबा आले, पेन्शनचा अर्ज घेऊन. तिसऱ्यांदा. मी सवयीने कागदावर नजर टाकली, "काहीतरी चुकलंय आजोबा, नीट भरून आणा," म्हटले आणि अर्ज परत सरकवला. आजोबा काही बोलले नाहीत. घडी घालून अर्ज खिशात ठेवू लागले.

मला एकदम आपण पिवळे झाल्यासारखे वाटले.

"थांबा," म्हटले. अर्ज परत घेतला. खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले होते. एवढेच. मी पेन्सिलीने खूण केली, त्यांनी तिथेच दुरुस्त केले, सही केली.

जाता जाता म्हणाले, "हे आधीच सांगितलं असतं तर?"

चाके चार असतात, रकाने चौदा. एवढाच काय तो फरक.