आधी दुसरी, मग सहावी : राहणीमानाला गुण देतं कोण?

ऑगस्ट 2018मध्ये केंद्र सरकारचा 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांक आला. 111 शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी. आमच्या सारसोळ्यातल्या पोरांच्या स्टेटसवर दिवसभर तेच. मार्च 2021मध्ये पुढची यादी आली, तेव्हा बेंगळुरू पहिलं आणि नवी मुंबई सहावी. स्टेटस कुणीच ठेवलं नाही.

मी मात्र त्या दिवशी आजीसोबत जेट्टीवर होतो. खाडी तीच, होड्या त्याच, गावठाणातली गल्लीही तेवढीच अरुंद. मग या अडीच वर्षांत आमचं जगणं चार क्रमांकांनी खालावलं कसं?

उत्तर मोजपट्टीत आहे. 2018च्या यादीत पाणी, घरं, वाहतूक अशा भौतिक सोयींना 45 टक्के वजन होतं, संस्थात्मक आणि सामाजिक बाजूंना प्रत्येकी 25, आणि आर्थिक बाजूला फक्त 5. पुढच्या यादीत अख्खी रचनाच बदलली: जीवनमान 35, आर्थिक क्षमता 15, शाश्वतता 20 आणि नागरिकांचं मत 30. शिवाय दहा लाखांवरची 49 शहरं वेगळी काढली. म्हणजे दोन्ही वेळा पेपर वेगळा होता आणि वर्गही वेगळा. अशा दोन परीक्षांतले नंबर शेजारी ठेवून 'घसरलो' म्हणणं चूक. पण बातम्यांचे मथळे नेमकं तेच करतात, आणि आपणही तेच फॉरवर्ड करतो.

दुसरी गंमत दशांश चिन्हानंतरची. 2021च्या यादीत सुरतला 61.73 गुण, नवी मुंबईला 61.60. फरक 0.13. एवढ्याशा फरकावर पाचवा-सहावा ठरवायचा, तर ज्या आकडेवारीतून तो निघाला ती तेवढी काटेकोर हवी. महापालिकांनी भरलेल्या तक्त्यांबद्दल असा विश्वास कुणी छातीठोकपणे देईल, असं मला वाटत नाही. सुरत आणि नवी मुंबई एकाच गटात, एवढंच म्हणणं जास्त प्रामाणिक ठरलं असतं.

देशांच्या तुलनेतही हेच प्रश्न आहेत, फक्त तिथे त्यांच्यावर जास्त विचार झालाय. 1990मध्ये महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासाठी मानव विकास निर्देशांक आणला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांचा एकच आकडा. अमर्त्य सेन यांना एवढं सगळं एका आकड्यात कोंबणं आधी पटलं नव्हतं. हक यांचं म्हणणं असं, की जीडीपीला हटवायचं तर तितकाच सुटसुटीत दुसरा आकडा लागेल.

या निर्देशांकाने पुढे एक चूक सुधारली. 2010पर्यंत तिन्ही बाजूंची साधी सरासरी काढत. समजा एका देशाला 0.9, 0.9 आणि 0.3 मिळाले, तर दुसऱ्याला तिन्हींत 0.7. साध्या सरासरीत दोघेही 0.7. आता तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढतात, तेव्हा पहिला देश 0.62वर येतो. म्हणजे भरपूर पैसा असला तरी शाळांची दुरवस्था पूर्णपणे झाकता येत नाही. हे मला न्याय्य वाटतं. घरात टीव्ही मोठा आहे म्हणून नळाला पाणी नसणं चालत नाही.

तरीही सरासरी ती सरासरीच. 2025च्या अहवालात भारताचा निर्देशांक 0.685, 193 देशांत 130वा. पण विषमता हिशेबात धरली की तो 0.475वर येतो. तीस टक्क्यांहून जास्त घट. हा दुसरा आकडा मथळ्यात क्वचितच दिसतो. आणि माझ्या मते खरी बातमी तीच.

सारसोळ्यात हे डोळ्यांनी दिसतं. एका बाजूला पाम बीच रोडवरचे टॉवर, दुसऱ्या बाजूला कोळ्यांचं गावठाण. मधलं अंतर चालत काही मिनिटांचं. दोघांची सरासरी काढली तर जो माणूस तयार होतो, तो ना टॉवरमध्ये राहतो ना गावठाणात. त्याला मिळालेल्या 61.60 गुणांचं आम्ही करायचं काय?

आणि नागरिकांच्या मताचं 30 टक्के वजन? कल्पना चांगलीच आहे. देशभरातून 32 लाखांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. मी आजीला विचारलं, तू दिलंस का? ती कोलंबी निवडता निवडता म्हणाली, "मना कवा इचारला?" 32 लाख हा आकडा मोठा आहे, पण कोण राहून गेलं ते तो सांगत नाही. ज्याच्या हातात फोन, त्याचं मत सहज पोचतं. ज्याच्या हातात कोयता आणि पाटी, त्याच्यापर्यंत मुद्दाम जावं लागतं.

म्हणून निर्देशांक फेकून द्यावेत असं मी म्हणत नाही. आकडा नसेल तर गावठाणाची तक्रार नुसती कुरकुर ठरते. पण चार गोष्टी मागाव्यात: वजनं कुणी आणि का ठरवली ते उघड सांगा, क्रमांकाऐवजी गट सांगा, शहराच्या सरासरीसोबत सगळ्यात मागे असलेल्या वॉर्डाचा गुण छापा, आणि मोजपट्टी बदलली तर जुन्या वर्षाचे गुणही नव्या पट्टीने पुन्हा काढा.

पुढची यादी येईल तेव्हा स्टेटस जरूर ठेवा. त्याआधी फक्त एकदा बघा, की तुमच्या गल्लीचा गुण त्यात कुठे आहे का.